एबी फॉर्मपर्यंतची वाट

जळगाव जिल्ह्यात लोकसभेचे दोन मतदारसंघ आहेत, जळगाव आणि रावेर. २०२४ साली दोन्हीकडे स्त्रिया निवडून आल्या. जळगावातून स्मिता वाघ, रावेरमधून रक्षा खडसे, आणि दोघींचंही मताधिक्य अडीच लाखांच्या वर. शेजारी धुळ्यातून शोभा बच्छाव जिंकल्या, त्या मात्र अवघ्या ३,८३१ मतांनी. महाराष्ट्राच्या ४८ जागांवर त्या वर्षी सात स्त्रिया खासदार झाल्या आणि त्यातल्या तीन जागा एकट्या खानदेशातल्या होत्या. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभा पाटील याच जिल्ह्याच्या. १९६२ साली त्या पहिल्यांदा आमदार झाल्या तेव्हा वयाची तिशीही उलटली नव्हती.

लोकसभेनंतर सहाच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. जळगाव जिल्ह्यातल्या जागा ११. अकराही ठिकाणी पुरुष निवडून आले. मोठ्या पक्षांकडून उभ्या राहिलेल्या स्त्रिया होत्या: मुक्ताईनगरला रोहिणी खडसे, पाचोऱ्यात वैशाली सूर्यवंशी, जळगाव शहरात माजी महापौर जयश्री महाजन. तिघीही हरल्या.

राष्ट्रीय राजकारणात बाई का पोचत नाही, असा विषय संपादकांनी दिला तेव्हा दिल्लीला जाऊन खासदारांच्या मुलाखती घ्याव्यात हा सरळ मार्ग होता. मी जळगावची गाडी धरली. पोचलेल्या बायका दिल्लीत भेटल्या असत्या. मला वाटेत थांबलेल्या भेटायच्या होत्या. दोन खासदार स्त्रिया आणि अकरा आमदार पुरुष, या दोन आकड्यांच्या मधे त्या कुठेतरी असणार हे दिसत होतं.

‘महिला निघाली’

जिल्हा परिषदेच्या गटांच्या आरक्षणाची सोडत हा पाहण्यासारखा प्रकार असतो. सरकारी सभागृह, व्यासपीठावर अधिकारी, टेबलावर पारदर्शक बरणी, त्यात सारख्या घडीच्या चिठ्ठ्या. शाळेतलं एखादं लहान मूल बरणीत हात घालतं आणि चिठ्ठी वर धरतं. गट ‘महिला’ निघाला की सभागृहाच्या मागच्या बाजूला एकदम हालचाल होते. पाच वर्षं त्या गटात लग्नं, दहावे, सप्ताह सांभाळलेला कार्यकर्ता फोन कानाला लावून बाहेर पडतो. पलीकडे घरी विचारणा सुरू होते: बायकोचं नाव लावायचं की वहिनीचं, आईचं वय फार झालंय का, सून कागदपत्रांत बसते का. जिचं नाव ठरायचं असतं ती बहुतेक वेळा त्या फोनवर नसते.

१९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींमध्ये स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. म्हणजे आज सदस्य, सरपंच, सभापती, अध्यक्ष म्हणून कारभार केलेल्या हजारो स्त्रिया या राज्यात आहेत. उमेदवारीच्या वेळी ‘बायका मिळत नाहीत’ असं सांगणाऱ्या कुठल्याही पक्षाने आपल्याच जिल्ह्याची गेल्या तीस वर्षांची सदस्ययादी काढून बघावी.

यावल तालुक्यातल्या केळीच्या पट्ट्यात एका माजी जिल्हा परिषद सदस्यांना भेटले. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून ताईच म्हणते. त्यांचं माहेर मलकापूरकडचं, जागा इतर मागासवर्गीय महिलांसाठी राखीव. जात वडिलांकडून धरली जाते, त्यामुळे पडताळणीसाठी सगळे कागद माहेरहून आणायचे: वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या नावाची १९६७ पूर्वीची नोंद, जमल्यास कोतवाल बुकाची नक्कल. भावाशी बोलणं बंद असेल, माहेरचं घर विकलं असेल, तर बाईची उमेदवारी तिथेच संपते. शिवाय दाखल्यांवर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करायचं तेही तिनेच. पुरुषाला या खिडकीवर कधी उभं राहावं लागत नाही.

दुसरी अट मुलांची. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आमदार-खासदारांना ही अट नाही. मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही हा निर्णय ज्या घरात सासू आणि नवरा घेतात, त्या घरात अपात्र ठरते ती सूनही.

ताईंनी अडचणींचा पाढा वाचला नाही. काम सांगत बसल्या. शिक्षण समितीत असताना गटातल्या शाळांच्या खोल्या कशा पास करून घेतल्या, अभियंत्याच्या मोजमाप पुस्तकात काय बघायचं ते कसं शिकल्या, पहिल्या वर्षी सभेत नवरा मागच्या खुर्चीवर बसायचा आणि दुसऱ्या वर्षापासून त्याला ‘तुम्ही गाडीत थांबा’ कसं सांगितलं. पाच वर्षं संपली. पुढच्या सोडतीत गट खुला झाला आणि पक्षाने तो एका पुरुष कार्यकर्त्याला दिला. ‘तुमची टर्म झाली ना ताई,’ असं त्यांना सांगण्यात आलं. पुरुष सदस्याची एक टर्म झाली की तो अनुभवी होतो, बाईची झाली की तिची पाळी संपते.

फिरत्या आरक्षणाचा हा दोष नवा नाही. एका मतदारसंघात दहा-पंधरा वर्षं पाय रोवूनच राजकारण उभं राहतं, आणि बाईला तो रोवायच्या आतच काढावा लागतो. त्यात २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. आमदार-खासदारांना त्याची झळ लागली नाही. ज्यांचं सगळं राजकारण याच सभागृहांत होतं त्या स्त्रिया मात्र तेवढी वर्षं पदाविना, निधीविना आणि व्यासपीठाविना राहिल्या.

भरिताच्या शेतात

जळगावात हिवाळा लागला की भरीत पार्ट्या सुरू होतात. मळ्यात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर हिरवी लांबट वांगी भाजायची, कुटायची, आणि कळण्याची भाकरी किंवा पुरीबरोबर रात्री उशिरापर्यंत जेवायचं. रांधणारे पुरुष, जेवणारेही पुरुष. निवडणूक जवळ आली की या पार्ट्यांमध्ये कुणाच्या शेजारी कोण बसलं याची चर्चा दुसऱ्या दिवशी बसस्थानकावर असते. गटबाजी मिटते ती इथे, कुणाला थांबवायचं ते ठरतं तेही इथे. पक्षाची रीतसर बैठक सकाळी अकराला कार्यालयात होते, तिला महिला आघाडीच्या तालुकाध्यक्ष हजर असतात आणि ठरावावर सही करतात. ठरलेलं असतं रात्रीच.

ही बाब मला कुणी तक्रारीच्या सुरात सांगितली नाही. एका तालुक्याच्या महिला आघाडीच्या प्रमुख बाई अगदी सहज म्हणाल्या, ‘आम्हाला निरोप येतो ना, मॅडम.’ त्यांच्या पक्षात वीस वर्षांहून जास्त काम. मोर्चाला बायका आणायच्या, सभेत पुढच्या रांगा भरायच्या, हळदीकुंकू घ्यायचं, लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून द्यायचे. मतदार म्हणून बाईची किंमत सगळ्या पक्षांना कळली आहे. २०२४ च्या लोकसभेला देशात स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांहून किंचित जास्तच होती. आघाडीत राबणाऱ्या बाईला मात्र मुख्य संघटनेत, म्हणजे तालुकाध्यक्ष, जिल्हाध्यक्ष या पदांवर, क्वचितच घेतलं जातं. महिला आघाडी हा वेगळा दरवाजा आहे आणि तो मागच्या अंगणात उघडतो. उमेदवारीसाठी जिल्ह्यातून नावं वर पाठवतो तो जिल्हाध्यक्ष.

पण रात्रीच्या बैठकीला बाईला बोलावलं म्हणजे प्रश्न सुटेल असंही नाही. त्या पंगतीला बसणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे काहीतरी असतं: विविध कार्यकारी सोसायटी, बाजार समिती, दूध संघ, पतसंस्था, शाळा. महाराष्ट्रात आमदारकीची वाट गेली साठ वर्षं सहकारातून जाते, आणि त्या वाटेचा पहिला दगड सातबारा आहे. जमीन नावावर असेल तर पीककर्ज मिळतं, पीककर्ज घेतलं की सोसायटीच्या कर्जदार गटातून उभं राहता येतं. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटी आपला एक प्रतिनिधी ठराव करून पाठवते, आणि हे ठराव कुणाच्या नावाने झाले यावर बँकेचं संचालक मंडळ ठरतं. संचालक झालेला माणूस हजारो शेतकऱ्यांच्या कर्जाशी, शेकडो गावांशी बांधला जातो. तिकीट मागायला जाताना त्याच्यामागे हे सगळं असतं.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्के. पहिल्या दगडावरच एवढ्या कमी. सहकारी संस्थांच्या मंडळांवर स्त्रियांसाठी दोन जागा राखीव असतात, आणि दोन राखीव असल्या की तिसरी बाई सर्वसाधारण गटातून उभी करायची कुणाला गरज वाटत नाही. अध्यक्षपदापर्यंत गेलेल्या स्त्रिया जळगावात आहेत. रोहिणी खडसे जिल्हा बँकेच्या अध्यक्ष होत्या, मंदाकिनी खडसे दूध संघाच्या. आडनाव वाचकांच्या लक्षात आलंच असेल, त्याकडे पुढे येते.

याच जिल्ह्यात कधीकाळी या गाठीला नेमका हात घातला गेला होता. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन झालं आणि पंचायतींच्या निवडणुका फक्त स्त्रियांची पॅनेल उभी करून लढवायचा विचार तिथून पुढे आला. घटनादुरुस्ती तेव्हा दूर होती, आरक्षण नव्हतं. १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला संपूर्ण पंचायत स्त्रियांची निवडून आली. त्यापाठोपाठ संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली: नवऱ्याने स्वखुशीने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायचा. विटनेरमध्ये अनेकांनी तो केला. सत्ता आणि सातबारा या दोन गोष्टी एकत्र मागायच्या असतात हे त्या बायकांना १९८९ मध्येच कळलं होतं. पुढे आरक्षण आलं आणि सातबाऱ्याची मागणी मागे पडली. माझ्या मते या तीस वर्षांतली सर्वांत महाग पडलेली चूक ती आहे.

दुपारी तीनपर्यंत

लोकसभेचा मतदारसंघ म्हणजे विधानसभेचे सहा मतदारसंघ, साधारण अठरा-वीस लाख मतदार, जवळपास दोन हजार मतदान केंद्रं. प्रत्येक केंद्रावर सकाळी सहापासून संध्याकाळी यंत्र सील होईपर्यंत आपला प्रतिनिधी बसलेला हवा. त्याला चहा, डबा, मतदार यादीच्या प्रती, बाहेरच्या टेबलावर आणखी दोन-चार माणसं. ही माणसं लोकसभेच्या उमेदवाराची कधीच नसतात. ती असतात सहा आमदारांची, माजी आमदारांची, बाजार समितीच्या सभापतींची, कारखान्याच्या संचालकांची. उमेदवाराला ती उसनी घ्यावी लागतात, आणि उसनी देणारा आधी विचारतो की परतफेड कशी होणार. पुरुष उमेदवाराकडे परतफेडीला काहीतरी संस्था, पद किंवा शब्द असतो. जिच्या हाती यातलं काही नाही तिच्यासाठी बूथ उघडे राहतात.

मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराची अधिकृत खर्चमर्यादा ९५ लाख रुपये आहे. रीतसर हिशेबाचा हा आकडाच बहुसंख्य स्त्रियांच्या आवाक्याबाहेरचा, कारण त्यांच्या नावावर गहाण टाकायला काही नसतं. जळगावात निवडणुकीच्या हिशेबाचं काम करणाऱ्या एका सनदी लेखापालांनी समजावलं की पहिला पैसा पक्षाचा नसतोच, तो उमेदवाराने अर्ज भरण्याआधी वर्ष-दोन वर्षं घालायचा असतो: दौऱ्यांच्या गाड्या, मंडळांच्या वर्गण्या, आजारपणाला मदत, लग्नाचा आहेर. हा खर्च कुठल्याही मर्यादेत मोजला जात नाही आणि तो केल्याशिवाय नावही चर्चेत येत नाही.

सगळं जमलं तरी शेवटचा अधिकार एका कागदाचा. पक्षाचा ए आणि बी फॉर्म, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्यासमोर पोचला पाहिजे. कार्यकर्ते त्याला नुसतं ‘एबी’ म्हणतात. तो कुणाच्या हातात जातो हे ठरवताना एक शब्द हमखास येतो, ‘इलेक्टिव्ह मेरिट’. त्याचं मोजमाप कुठेही लिहिलेलं नाही, आणि आधीच जिंकत आलेल्या, पैसा असलेल्या, माणसं असलेल्या उमेदवाराच्या बाजूने ते नेहमी भरतं.

स्मिता वाघ विद्यार्थी परिषदेपासून संघटनेत वाढलेल्या. जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद, मग विधान परिषदेची आमदारकी असा त्यांचा प्रवास झाला. पतीही पक्षाचे जिल्हाध्यक्ष होते. २०१९ मध्ये लोकसभेसाठी त्यांचं नाव जाहीर झालं आणि काही दिवसांत बदललं, उमेदवारी उन्मेष पाटील यांच्याकडे गेली. पाच वर्षांनी तीच जागा त्यांना मिळाली आणि मोठ्या फरकाने त्या जिंकल्या. २०१९ मध्ये जे ‘मेरिट’ कमी पडलं होतं ते २०२४ मध्ये कुठून आलं, याचं उत्तर त्या बाईत शोधून सापडणार नाही.

जिंकून दाखवणं हा तरी पक्का पुरावा धरला जातो का? भावना गवळी वाशीम आणि पुढे यवतमाळ-वाशीममधून १९९९ पासून लागोपाठ पाच वेळा निवडून आल्या. २०२४ मध्ये त्यांना उमेदवारी नाकारली गेली. त्यांच्याऐवजी राजश्री पाटील यांना दिली, म्हणजे दुसऱ्या स्त्रीलाच, आणि ती जागा पक्षाने गमावली. पाच निवडणुका जिंकलेल्या किती पुरुषांना असं घरी बसवलं जातं, ते वाचकांनीच आठवून बघावं. देशभर २०२४ च्या लोकसभेला आठ हजारांहून अधिक उमेदवार होते, त्यांत स्त्रिया साधारण ८००. निवडून आल्या ७४. आधीच्या लोकसभेत ७८ होत्या.

आडनाव

२०२४ च्या त्या सात जणींकडे पुन्हा पाहू. सुप्रिया सुळे, वर्षा गायकवाड, प्रणिती शिंदे यांचे वडील मोठे नेते. रक्षा खडसे अशाच एका नेत्याच्या सून. प्रतिभा धानोरकर यांचे पती खासदार होते, २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. सातांपैकी पाच जणी अशा.

हे मोजून हिणवण्याची पद्धत आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. घराण्यातून आलेल्या पुरुषांची संख्या कुणी कमी मोजू नये. शिवाय घरातून दार उघडलं तरी आतलं काम बाईलाच करावं लागतं. रक्षा खडसे मुक्ताईनगर तालुक्यातल्या कोथळीच्या सरपंच होत्या, मग जिल्हा परिषद सदस्य. २०१३ मध्ये पती गेले. २०१४ मध्ये पक्षाने विद्यमान खासदार हरिभाऊ जावळे यांच्या जागी त्यांना उभं केलं, तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या, पदरात लहान मुलं. त्यानंतर तीनदा निवडून येणं आणि सासरे पक्ष सोडून गेल्यावरही आपल्या पक्षात टिकून राहणं हे आडनावाने होत नाही. प्रतिभा धानोरकर तर पतीच्या हयातीतच, २०१९ मध्ये, वरोऱ्याच्या आमदार झाल्या होत्या.

माझी अडचण वेगळी आहे. घराणं बाईला तेच देतं जे तिला बाहेर कुठेच मिळत नाही: सुरुवातीचा पैसा, उसनी माणसं, रात्रीच्या बैठकीत तिच्या वतीने बोलणारा कुणीतरी, आणि ‘कुणाची आहे’ या प्रश्नाला उत्तर. सातबारा नाही, सोसायटी नाही, जिल्हाध्यक्षपद नाही, अशा परिस्थितीत घर हीच तिची एकमेव संस्था उरते. आणि घराने दिलेलं घर परतही घेऊ शकतं. चोपड्याच्या जागेवर २०१४ मध्ये चंद्रकांत सोनवणे आमदार झाले, २०१९ मध्ये त्यांच्या पत्नी लता सोनवणे, २०२४ मध्ये पुन्हा चंद्रकांत सोनवणे.

अपवाद आहेत आणि ते मौल्यवान आहेत. बीडच्या केशरकाकू क्षीरसागर गावच्या सरपंचपदापासून सुरुवात करून पंचायत समिती, विधानसभा अशा पायऱ्या चढत १९८० मध्ये लोकसभेत गेल्या, तीनदा निवडून आल्या, आणि पुढे घराण्याची सुरुवातच त्यांच्यापासून झाली. तेव्हा स्त्रियांना पंचायतीत आरक्षण नव्हतं.

रात्रीचा दौरा

मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा ४५ च्या आसपास असतो. प्रचार पहाटे आणि रात्री. गावात पोचायला साडेनऊ वाजतात, बैठक अकराला संपते, पुढच्या गावी दिवे लावून लोक वाट बघत असतात. एका माजी उमेदवार बाईंनी सांगितलं की दौऱ्यात त्या दुपारनंतर पाणी पिणं बंद करायच्या, कारण गावात कुणाच्या घरी संडासला जायचं म्हणजे आधी कुणाच्या घरी बसायचं हा राजकीय प्रश्न होतो. मूत्रपिंडाचा त्रास त्यांना तिथून लागला. गाडीत ड्रायव्हरशिवाय दुसरी एक बाई कायम हवी, नाहीतर कोण कुणाबरोबर फिरतं याची गोष्ट दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर. त्या दुसऱ्या बाईच्या घरी स्वयंपाक कोण करणार, हेही उमेदवारानेच बघायचं.

निवडून आल्यावर हे थांबत नाही. २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरला आल्या, तेव्हा त्यांचे फोटो सगळ्यांनी कौतुकाने छापले. पुढच्या मार्चमध्ये मुंबईच्या विधान भवनातल्या स्तनपानासाठीच्या हिरकणी कक्षाची अवस्था त्यांना जाहीरपणे सांगावी लागली. कायदे करणाऱ्या इमारतीत तान्ह्या बाळाची धड सोय नव्हती, कारण ती बांधताना आणि चालवताना आमदाराला बाळ असेल ही शक्यता कुणाच्या मनात नव्हती. २०२२ मध्येच, तीन वेळा लोकसभेवर निवडून आलेल्या सुप्रिया सुळे यांना एका ज्येष्ठ नेत्याने घरी जाऊन स्वयंपाक करायला सांगितलं होतं; टीका झाल्यावर दिलगिरी व्यक्त केली.

मोबाइलवर जे चालतं ते याहून वाईट. २०१९ च्या निवडणुकीच्या काळात ॲम्नेस्टीने ९५ भारतीय महिला नेत्यांना उद्देशून केलेली ट्विटं तपासली. दर सातातलं एक त्रासदायक किंवा शिवीगाळीचं निघालं. यावलच्या ताईंच्या मुलीने कायद्याची पदवी घेतली आहे, बोलते छान, गावातल्या पाणीप्रश्नावर तिने केलेला व्हिडिओ चांगलाच फिरला. त्याखालच्या प्रतिक्रिया वाचून वडिलांनी फोन काढून घेतला नाही. मुलीनेच खातं बंद केलं. ‘आईला सभेत बोलायचे, मला झोपताना हातात वाचायला लागतं,’ ती म्हणाली.

मोर्चाची वाट

मुंबईत एक वेगळी वाट होती. मृणाल गोरे यांनी वैद्यकीचं शिक्षण सोडलं, १९५८ मध्ये पती बंडू गोरे गेले, आणि गोरेगावच्या नळांना पाणी मिळावं म्हणून त्या लढत राहिल्या. १९६१ मध्ये महापालिका, १९७२ मध्ये विधानसभा, १९७७ मध्ये लोकसभा. १९७२ साली मुंबईत महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली, बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या आघाडीवर मृणालताईंबरोबर अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते होत्या. मृणालताई आणि प्रमिलाताई समाजवादी, अहिल्याताई कम्युनिस्ट, आणि पुढे तिघीही लोकसभेत गेल्या: मृणालताई आणि अहिल्याताई १९७७ मध्ये, प्रमिलाताई १९८० मध्ये.

या तिघींच्या मागे साखर कारखाना नव्हता. त्यांच्या मागे होते गल्लीगल्लीत ओळखीच्या झालेल्या हजारो बायका, आणि कार्यकर्ता घडवणं हे आपलं काम मानणारे पक्ष: समाजवादी आणि कम्युनिस्ट. महाराष्ट्रात ते पक्ष क्षीण झाले तशी ही वाटही बुजली. आज अंगणवाडी सेविका, आशा, बचत गट यांच्या आंदोलनांत नेतृत्व करणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. आझाद मैदानात त्यांची भाषणं ऐका, विधानसभेत शोभतील अशी असतात. त्यांच्या दारात एबी फॉर्म घेऊन कुणी जात नाही.

ओडिशात एक पक्ष गेला होता. २०१९ मध्ये बिजू जनता दलाने कोणत्याही कायद्याची वाट न पाहता लोकसभेच्या २१ पैकी सात जागा स्त्रियांना दिल्या. आस्का मतदारसंघात त्यांनी प्रमिला बिसोई यांना उभं केलं; बचत गटाचं काम करणाऱ्या, जेमतेम शिकलेल्या, सत्तरीच्या आसपासच्या बाई. दोन लाखांहून अधिक मतांनी त्या जिंकल्या. तृणमूल काँग्रेसने २०२४ मध्ये ४२ पैकी १२ जागा स्त्रियांना दिल्या, ११ निवडून आल्या.

कायदा आणि त्याआधीची वर्षं

लोकसभेतल्या आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये आलं. प्रमिलाताई दंडवते त्यासाठी झगडणाऱ्यांत पुढे होत्या. गीता मुखर्जींच्या समितीने ते तपासलं. दोघीही ते मंजूर झालेलं पाहायला राहिल्या नाहीत. २०१० मध्ये राज्यसभेत पार पडून अडकलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध दोन मतांनी संमत झालं. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा, पंधरा वर्षांसाठी; पण कायद्यानंतरची पहिली जनगणना आणि तिच्या आधारे मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. राखीव जागा पुढच्या फेररचनेनंतर फिरणार.

हा कायदा मला हवा आहे. तो नको म्हणणाऱ्यांना मी एकच अभ्यास दाखवते. रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या वॉर्डांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. जो वॉर्ड आधीच्या निवडणुकीत स्त्रियांसाठी राखीव होता तो खुला झाल्यावर तिथून बाई निवडून येण्याची शक्यता, तेव्हा राखीव नसलेल्या वॉर्डाच्या सुमारे पाचपट होती. मतदाराने बाईचं काम पाहिलं की त्याची भीड मोडते. ‘बाईला मतं पडत नाहीत’ हा समज मतदारांपेक्षा पक्ष कार्यालयांत जास्त आहे.

पण महाराष्ट्राच्या ४८ पैकी सोळा जागा राखीव झाल्या की त्या सोळा सभागृहांच्या मागच्या बाजूला पुन्हा फोन लागतील, आणि सोळा घरांत विचारलं जाईल की बायकोचं नाव लावायचं की सुनेचं. तसं होऊ नये असं वाटत असेल तर पक्षांना आतापासून तालुकाध्यक्ष, जिल्हाध्यक्ष स्त्रिया करायला हव्यात. बँकेत, बाजार समितीत सर्वसाधारण गटातून स्त्रिया उभ्या करायला हव्यात. जिल्हा परिषदेत एक टर्म केलेल्या बाईला गट खुला झाल्यावर पुन्हा तिकीट द्यायला हवं. यातल्या कशासाठीही जनगणनेची वाट पाहावी लागत नाही.

यावलच्या ताई थांबलेल्या नाहीत. नवऱ्याशी बराच काळ बोलून त्यांनी दोन एकर केळी आपल्या नावावर करून घेतली, स्वतःच्या नावाने पीककर्ज उचललं. गावच्या सोसायटीची पुढची निवडणूक त्यांना सर्वसाधारण कर्जदार गटातून लढवायची आहे. महिला राखीवमधून उभं राहा, बिनविरोध करू, असं गावातल्या दोघा-तिघांनी सुचवलं, त्यांनी नको म्हटलं. त्या जागेवर त्यांनी आपल्या जावेचा अर्ज तयार ठेवला आहे. निवडून आल्या तर जिल्हा बँकेसाठीचा ठराव आपल्या नावाने करून घेणार, आणि त्यासाठी सोसायटीच्या तेरापैकी सात संचालक कुठले, हे त्यांनी वहीत लिहून काढलं आहे.